अटेंडंट म्हणजे केवळ शिपाई नव्हे

नागपुरातल्या इस्पितळात सिस्टरने वॉर्डाच्या दारातून ‘बेड बाराचा अटेंडंट कोण?’ असे विचारले, की खाटेशी डबा घेऊन बसलेला मुलगा गोंधळतो, कारण अटेंडंट म्हणजे शिपाई अथवा गडी, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो अपुरा आहे. इस्पितळात हा शब्द रुग्णासोबतच्या नातेवाइकासाठीही वापरतात आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘एखाद्याकडे मन ओढून नेणे’, म्हणजे लक्ष देणे, असा आहे; त्याच मुळातून फ्रेंचमध्ये ‘वाट पाहणे’ हा अर्थ आला, तर इंग्रजीत ‘हजर राहणे’ आणि ‘सेवा करणे’ हेही अर्थ रुजले. आपल्या ‘परिचर’ शब्दाचेही असेच झाले: जिल्हा परिषदेत परिचर म्हणजे शिपाई, पण ‘परिचारिका’ म्हणताच आपण आदराने बोलतो.

विमानातील फ्लाइट अटेंडंटचे मुख्य काम चहा देणे नसून प्रवाशांची सुरक्षा आहे. विशेषण म्हणून मात्र हा शब्द केवळ माणसालाच लागतो असे नाही. खर्चासोबत येणाऱ्या अडचणी, गुन्ह्याभोवतीची परिस्थिती यांनाही तो लागतो, आणि तिथे मराठीत ‘अनुषंगिक’ हाच शब्द चपखल बसतो.