पाखराला तिखट लागत नाही

नंदुरबारच्या मिरची बाजारात हंगामात नुसतं पाऊल टाकलं तरी ठसका लागतो. शेतात मात्र पोपट तीच मिरची चोचीनं फोडून बिया खात निवांत बसलेला असतो. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सायसिन. आपल्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही1 नावाचं ग्राही प्रथिन असतं. साधारण 43 अंशांवरची उष्णता असो की कॅप्सायसिन, ते दोन्हींनी सारखंच चेततं. म्हणूनच तिखटानं जीभ भाजल्यासारखी वाटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे प्रथिन 1997 मध्ये शोधलं. उष्णता आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहींच्या शोधासाठी 2021 चं नोबेल त्यांना आणि अर्डेम पॅटापूटियन यांना विभागून मिळालं. कोंबडीतलं हेच प्रथिन 2002 मध्ये तपासलं, तेव्हा ते उष्णतेला दाद देत होतं, कॅप्सायसिनला नाही. पाखरांना तिखट लागत नाही ते यामुळे. मिरचीच्या हे पथ्यावरच पडतं: दाढा असलेले प्राणी बिया चावून संपवतात, पाखराच्या पोटातून त्या साबूत बाहेर पडून दूरवर रुजतात.

परसबागेत केल ही पालेभाजी लावणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं. बुलबुल पानं टोचतात म्हटलं की पहिला सल्ला मिरची-लसणाच्या फवाऱ्याचा मिळतो. शेळी कदाचित त्यानं तोंड फिरवेल, पाखरू फिरवत नाही. घरची चांगली मिरची फुकट जाते.

केल म्हणजे कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांची सख्खी बहीण. जाती-प्रजातीच्या हिशेबात ही सगळी एकच, ब्रासिका ओलेरॅशिया. केल गड्डा धरत नाही, सुटी पानं देत राहते. तिला 15 ते 20 अंश मानवतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, म्हणून खानदेशात हे निव्वळ हिवाळ्याचं पीक. ऑक्टोबरात ट्रेमध्ये बी टाकावं, चार-पाच आठवड्यांनी रोपं दीड-दीड फुटावर लावावीत. तापीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि केलच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, तेव्हा गादीवाफा आणि ठिबक हवंच. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली उतरला की थंडीला तोंड द्यायला हे झाड पेशींमध्ये साखर साठवतं. त्या दिवसांत तोडलेल्या पानांना खरंच गोडवा असतो. लसणाची फोडणी देऊन कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

पान फाटलेलं दिसलं की आधी गुन्हेगार ओळखावा. पान उजेडासमोर धरा. मधेच बारीक खिडक्या आणि त्यांवर काचेसारखा पातळ पापुद्रा शिल्लक असेल, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची कोवळी अळी. कडेपासून आत ओरबाडल्यासारखे तुकडे गेलेले असतील, मधली जाड शीर तशीच उभी असेल आणि आसपास विष्ठेचे पांढरे शिंतोडे असतील, तर ते पाखरू. अळीवर पाखरांचा उपाय आणि पाखरांवर अळीचा, असं करून भागत नाही.

पाखरांचं नुकसान खरं भोवतं ते लागवडीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत. रोपाचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. चिमणीनं किंवा बुलबुलनं तेवढा खुडला की रोप खुरटतं. साळुंकी पान खायला येत नाही, ती ओल्या मातीत किडे उकरते आणि त्या भरात नाजूक रोप उपटून टाकते. तेच झाड गुडघाभर वाढलं की दोन पानं गेल्यानं त्याचं काही बिघडत नाही.

म्हणून या काळात जाळी लावावी, आणि नीट लावावी. खानदेशात ठिबकच्या जुन्या नळ्या कुठल्याही मळ्यात पडलेल्या असतात. त्यांत जाड तार ओवून वाफ्यावर कमानी कराव्यात. जाळी पानांपासून वीतभर वर राहिली पाहिजे, पानांना टेकली तर बुलबुल वर बसून तिच्यातूनच टोचतो. ती ताणून बांधावी आणि कडा मातीत दाबाव्यात. सैल, बारीक नायलॉनच्या जाळीत पाखरं अडकून तडफडून मरतात, उंदरामागे आलेली धामणही गुरफटते. अशी जाळी लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

बुजगावणं आणि चमकत्या फिती सुरुवातीला काम देतात. पण काही धोका नाही हे कळलं की पाखरं त्यांच्या खांद्यावर येऊन बसतात, त्यामुळे त्यांची जागा सारखी बदलावी लागते. अल्ट्रासॉनिक यंत्रांवर मात्र पैसे घालवू नका. हा आवाज 20 किलोहर्ट्झच्या वरचा असतो आणि बहुतेक पक्ष्यांना 10 किलोहर्ट्झच्या आसपासच ऐकू येणं बंद होतं.

रोपं सावरली की जाळी काढा, हे मी आग्रहानं सांगतो. हरभऱ्यात घाटेअळी वेचायला पाखरं यावीत म्हणून आपण स्वतः पक्षीथांबे रोवतो. त्यावर कोतवाल बसतो, साळुंकी बसते. केलच्या वाफ्यातही अळ्या वेचायला हीच मंडळी हवीत. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. चीनमध्ये 1958 साली धान्य खाते म्हणून चिमणीविरुद्ध देशभर मोहीम काढली गेली, चिमण्या मेल्या आणि पिकांवर किडी माजल्या. 1960 मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणी वगळून तिथे ढेकणाचं नाव घालावं लागलं.

जाळी काढल्यावर पतंगासाठी वाफ्याच्या कडेनं मोहरीची ओळ असू द्या. मादी पतंग मोहरीवर अंडी घालणं पसंत करते, त्यामुळे केलवरचा भार हलका होतो. खालची पानं तोडत राहा, शेंड्याला हात लावू नका. मार्चमध्ये ऊन चढलं की पानं कडवट होतात, तेव्हा झाडं उपटून वाफा रिकामा करावा आणि काढलेली जाळी गुंडाळून गोणीत बांधून ठेवावी. ती गोठ्यात मोकळी लोंबत राहिली तर तिथेही चिमण्या अडकतात.