वजन सोपं करायचं की अवघड?

एप्रिलमधली संध्याकाळ. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका व्यायामशाळेत दिवसभर तापलेला पत्रा अजून धगधगत होता. एकाच बेंचवर दोघं आळीपाळीने बेंच प्रेस मारत होते, म्हणजे आडवं पडून रॉड छातीपर्यंत आणून वर ढकलत होते, रॉड धरून 80 किलो. पहिले अण्णा, चाळिशीचे, भरदार छातीचे. त्यांनी रॉड सावकाश खाली आणला, छातीला ताण बसू दिला, सावकाश वर नेला. असं एकदा खाली-वर म्हणजे एक रेप, त्यांनी असे बारा रेप्स मारले. नंतर एक सडपातळ पोरगा आडवा झाला. त्याने फरे मागे आवळले, पाठीची कमान केली, पाय जमिनीत घट्ट रोवले आणि पकड रुंद घेतली.

"काय बे, पूल बांधतोस का पाठीचा?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, कमान केली की रॉडला कमी अंतर जावं लागतं."

"मग छातीला काय मिळणार?"

"छातीचं नंतर बघू. आधी 110 जायला पाहिजेत."

थोड्या वेळाने त्याने 110 किलो एकदा, फक्त एकदाच, उचलले. त्या दिवशी अण्णांना ते गेले नसते.

अंग कमावून दाखवायचं ते शरीरसौष्ठव (बॉडीबिल्डिंग) आणि जास्तीत जास्त वजन एकदा उचलायचं ते पॉवरलिफ्टिंग, यांतला फरक मला याहून चांगला कुठे दिसलेला नाही. पॉवरलिफ्टर वजन सोपं करायला बघतो. अंतर कमी, सांध्यांचे कोन सोयीचे, अंगातला एकूण एक स्नायू मदतीला. बॉडीबिल्डर तेच वजन एका स्नायूसाठी मुद्दाम अवघड करतो. ही कमान नियमात बसते, पण तिलाही हद्द आहे. काही लिफ्टर इतकी कमान करू लागले की रॉड जेमतेम काही बोटं हलायचा. म्हणून आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने 2023 पासून कोपर किमान खांद्याच्या पातळीपर्यंत खाली यायलाच हवं असा नियम केला.

आता प्रश्न असा, की निम्म्या अंगाचा पोरगा जास्त वजन कसा उचलतो? स्नायू जाड असेल तर ताकद जास्त, हे खरंच आहे. पण स्नायूला हुकूम देतात मज्जातंतू. एक मज्जातंतू आणि त्याच्या हुकमातले स्नायूतंतू मिळून एक तुकडी होते. काम हलकं असेल तर मेंदू लहान तुकड्या कामाला लावतो, ओझं वाढत गेलं की मोठ्या बोलावतो. वजन खूप जड असेल तर पहिल्याच रेपला जवळजवळ सगळ्या तुकड्या हजर व्हाव्या लागतात. हे शरीराला आपोआप जमत नाही, ते शिकावं लागतं. कुठला स्नायू कधी आवळायचा, विरुद्ध बाजूचा कधी ढिला सोडायचा, हेही त्या शिकण्यात येतं. म्हणून नव्या पोराचं वजन पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतं, पण दंडाचं माप मात्र तेवढंच राहतं. त्या काळात मुख्यतः मज्जासंस्था शिकत असते.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. 1894 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका हाताला व्यायाम दिला, तर ज्या हाताने काहीच केलं नव्हतं त्याचीही ताकद वाढलेली आढळली. पुढे हे पुन्हा पुन्हा दिसून आलं. एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम करून घेण्यामागे हाच विचार असतो.

शिकलेली ताकद त्या त्या कामाशी बांधलेली असते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणारे आधी सराव करतात, कारण नुसता कमावलेला दंड असून तो तोल साधत नाही. मार्केट यार्डात कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन चालणारे हमाल बघा. बहुतेकांचे दंड कोणी वळून बघावं असे नसतात, पण त्या पोत्याखाली व्यायामशाळेतला तगडा गडी डगमगेल.

बॉडीबिल्डरला आकार हवा असतो आणि आकार वाढवण्याची वाट बरीच मोकळी आहे. स्नायू वाढतो तो तंतूंवर पडणाऱ्या ताणामुळे. वजन मध्यम असलं, तरी सेट, म्हणजे न थांबता मारलेले रेप्स, इतका ओढला की पुढचा रेप निघणं कठीण व्हावं, तर दमलेल्या लहान तुकड्यांच्या जागी शेवटी मोठ्या तुकड्यांना यावंच लागतं. म्हणून साधारण पाच ते तीस रेप्सपर्यंत कुठेही स्नायू जवळजवळ सारखाच वाढू शकतो. अट एकच, सेट दमेपर्यंत मारायचा. जास्तीत जास्त वजन एकदा उचलायचं असेल, तर मात्र जड वजनाचाच सराव लागतो.

पॉवरलिफ्टर म्हणूनच एक ते पाच रेप्स मारतो आणि दोन सेटमध्ये तीन-पाच मिनिटं बसून राहतो. बाकीच्यांना तो वेळ घालवतोय असं वाटतं. खरं तर झटक्यात जोर लावायला स्नायूत क्रिएटिन फॉस्फेटचा जो साठा लागतो, तो भरून यायला तेवढा वेळ जातोच. कमी विश्रांती घेतली की 'पंप' येतो. पण पंप म्हणजे रक्तातला द्रव स्नायूत शिरल्याने आलेली तात्पुरती फुगवटी. ती तास-दोन तासांत उतरते. पंप आला म्हणजे स्नायू वाढला, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि त्यापायी पोरं आरामाची मिनिटं उगाच कापतात.

सगळ्यात मोठी तफावत दिसते स्पर्धेच्या दिवशी. पॉवरलिफ्टर त्या दिवशी पोटभर जेवलेला आणि वर्षभरातला सर्वांत ताकदवान असतो. स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बसून उठणं), बेंच प्रेस, डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं), प्रत्येकी तीन प्रयत्न. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला की वजन मान्य. आकड्याशी हुज्जत घालता येत नाही, म्हणून असेल कदाचित, पण तिथे प्रतिस्पर्धीही "उचल, उचल" म्हणून ओरडतात. बॉडीबिल्डर स्टेजवर येतो तो महिनोन्‌महिने खुराक तोडून. तेल आणि टॅनने चमकणारं ते अंग बघून लोक टाळ्या वाजवतात, पण आतला माणूस त्या दिवशी बहुधा वर्षातला सर्वांत अशक्त असतो. शेंगाचटणीसुद्धा बंद, कारण 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रथिनं असली तरी जवळजवळ 50 ग्रॅम चरबी असते. सोलापूरच्या माणसाला ही शिक्षाच. पाणी तोडणं आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणं हे मात्र जिवावर बेतू शकतं. मंडळाच्या स्पर्धेसाठी कोणी हे करत असेल तर जवळच्यांनी त्याला अडवलंच पाहिजे.

पॉवरलिफ्टिंगलाही आपला धोका आहे. श्वास रोखून पोट कडक केलं की कणा सांभाळला जातो. पट्टाही त्यासाठीच असतो, पोटाला दाबायला भिंत मिळावी म्हणून. पण त्याच क्षणी रक्तदाब उसळतो. कॅनडात 1985 मध्ये दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना धमनीत सुई घालून तो मोजला, तर सरासरी वरचा 320 आणि खालचा 250 भरला. ज्यांना बीपी आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय श्वास रोखून जड वजन मारू नये.

दोन्ही वाटा एकमेकींना छेदतातच. 1998 ते 2005 अशी आठ वर्षं मिस्टर ऑलिंपिया हा शरीरसौष्ठवातला मोठा किताब जिंकलेल्या रॉनी कोलमनने 800 पौंडांचा, म्हणजे सुमारे 363 किलोंचा डेडलिफ्ट दोनदा मारला होता. पॉवरलिफ्टरलाही वर्षातले काही महिने स्नायू जाड करावे लागतात, कारण शिकवायला आधी तंतू तरी हवेत.

परवा त्या व्यायामशाळेत पुन्हा गेलो. पोरगा पाठ सपाट टेकवून 60 किलोचे सावकाश बारा रेप्स मारत होता. अण्णा डोक्याशी उभे राहून मोजत होते.

"दहाव्याला सोडू नको बे," ते म्हणाले, "खरा व्यायाम आता सुरू झालाय."