देव आणि दैव: एका मात्रेचा फरक

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात टंचाईच्या वर्षी एक वाक्य घरोघर ऐकू येतं: "देवाच्या मनात आसंल तसं हुईल." 2013 च्या उन्हाळ्यात आमच्या घरात ते दोघांच्या तोंडी होतं, आज्जीच्या आणि थोरल्या चुलत्यांच्या. चुलते ते म्हणायचे आणि पारावर जाऊन बसायचे. आज्जी ते म्हणायची, पदर खोचायची आणि पहाटे चारला विहिरीवर घागरी रांगेला लावायला निघायची. टँकर त्या विहिरीत पाणी ओतून जायचा आणि मग पोहऱ्यांची एकच झुंबड उडायची.

बरीच वर्षं मला तो स्वभावाचा फरक वाटत होता. आता वाटतं, वाक्य एकच असलं तरी दोघांचा भरवसा वेगवेगळ्या ठिकाणी होता. चुलत्यांनी स्वतःला दैवाच्या हाती दिलं होतं, आज्जीनं देवाच्या. लिहिताना एका मात्रेचा फरक. जगताना तो नेमका कुठे दिसतो, ते सांगायचा हा प्रयत्न.

दैवाचं काही ऐकावं लागत नाही. ते घडतं आणि आपण सोसतो, एवढाच त्याच्याशी व्यवहार. आज उठून काय करायचं, कुणाला घोटभर पाणी द्यायचं, हे दैव कधीच सांगत नाही. देवाचं तसं नसतं. त्याच्यावर भार टाकला की त्याचं ऐकणं आलं. म्हणून शरण जाणं आणि आज्ञा पाळणं या दोन गोष्टी मला सुट्या करताच येत नाहीत. आज्ञा वगळून उरते ती शरणागती दिसायला शांत असते, पण ती दैववादच असते.

गीतेत हे फार स्पष्ट आहे, आणि आपण ते वाचून पुढे जातो. दुसऱ्या अध्यायात सातव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, तुला शरण आलोय, मला सांग. आणि दोनच श्लोकांनी, नवव्यात, "न योत्स्ये", मी लढणार नाही, म्हणून गप्प बसतो. तोंडानं शरण आला, पण काय करायचं ते आधीच स्वतः ठरवून बसला. अठराव्या अध्यायात "मामेकं शरणं व्रज" ऐकल्यावर त्याचं शेवटचं बोलणं येतं, "करिष्ये वचनं तव". तू सांगशील ते करीन. पहिली शरणागती आणि शेवटची शरणागती यांच्यामध्ये सगळी गीता आहे. त्याच अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेलं नाही. पण ते पाचवं आहे, आणि चुलत्यांसारखी माणसं पहिली चार सोडून थेट पाचव्यावर येऊन बसतात.

सज्जनगड आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे समर्थांचं "केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे" इथं पोरासोरांनाही पाठ. पण त्यांनीच चळवळीचं सामर्थ्य सांगताना तिथे भगवंताचं अधिष्ठान पाहिजे असंही बजावलंय. नुसती धडपड म्हणजे भक्ती असं मी म्हणत नाही. राबून राबून, पाऊस आला नाही की देवाला शिव्या घालणाऱ्याचा भरवसा शेवटी स्वतःच्या मनगटावरच असतो. नवसाचंही थोडं तसंच. "तू पाऊस पाड, मी अभिषेक घालीन" हा सौदा झाला. तो करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, घशाला कोरड पडली की माणूस काहीही बोलतो. पण त्यात भरवसा कमी आणि अट जास्त असते.

माझं आजोळ शिराळ्याकडचं. तिथे भाताची धूळवाफ पेरणी करतात. मे महिना संपत आलेला, रोहिणी नक्षत्र, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि मामा कुरी धरून कोरड्या धुळीत भात पेरतायत. पाऊस लांबला तर बी वाया, दुबार पेरणीचा खर्च. तरी वेळ झाली की पेरायचं. पाऊस मामांच्या हातात नाही, पेरणी आहे. असंच कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 साली केलं. ऐन उन्हाळ्यात श्रमदानानं डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले आणि पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली. पण चर खणून झाल्यावर तेही आभाळाकडेच बघत होते.

आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये जेमतेम पाचशे. हा हिशेब आज्जीला आकड्यांत ठाऊक नव्हता, पण त्याबद्दल तिनं कधी देवाला जाब विचारला नाही. शेजारणीची घागर रिकामी राहिली की मात्र ती गप्प बसायची नाही. टँकरवाल्याशी भांडायची. मला इथं सगळ्यात मोठा फरक दिसतो. "ठेविले अनंते तैसेचि राहावे" हे स्वतःच्या पोटाबद्दल म्हणावं, दुसऱ्याच्या नाही. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं. स्वतःच्या त्या हालांबद्दल ते "बरें जालें देवा निघालें दिवाळें" म्हणू शकले. पण लोकांकडून येणं असलेल्या पैशांचं काय केलं? परंपरा सांगते, स्वतःच्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही हेच सांगते. रयत उपाशी मरताना त्यांनी तिला शांती शिकवली नाही, सरकारी कोठारं उघडली.

चुलत्यांबद्दल एक सांगायला हवं. ते आळशी नव्हते. बैलजोडी विकून परत आले त्या दिवसापासून ते पारावर बसायला लागले. रिकामी दावण बघवत नव्हती त्यांना. खचलेल्या माणसाला श्रद्धा कमी पडली म्हणून सुनावणं मला पाप वाटतं. आज्जीनंही कधी सुनावलं नाही. ती फक्त दुपारी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणायची, "जा, तेवढं तुळशीला घाल."

त्याच उन्हाळ्यात एकदा भाकरीचं पीठ संपलं. रेशनचा गहू होता, पण आज्जीला चपाती गोड लागायची नाही. मी उतरंडीतलं खालचं गाडगं ओढलं. आत राखेत घोळलेली गावरान बाजरी, शेर-दीड शेर असेल. "ही दळून आणू का?" मी विचारलं.

"ते बियाणं हाय," ती म्हणाली. "ते आपलं न्हाई."

पेरायला पाऊस कुठाय, असं मी म्हणालो असेन. तिनं उत्तर दिलं नाही. मूठभर बाजरी हातावर घेतली, फुंकर मारून राख उडवली, कीड लागली नाही ना ते उजेडात धरून बघितलं. मग दाणे परत आत टाकले, गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ते होतं तिथं सरकवून ठेवलं.