गंज चिखलाखालीच का वाढतो?

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन फिरतंय का, धूर किती येतोय, रंग मूळचा आहे का, एवढं बघून सौदा ठरतो. खरं तर त्याने आधी सतरंजी अंथरून गाडीखाली झोपायला हवं. इंजिन बांधून देणारे मिस्त्री पुण्यात अजून आहेत, रिंगा-पिस्टन नाना पेठेत धुंडाळता येतात, बुश लेथवर करून घेता येतात. पण ज्या सांगाड्यावर हे सगळं उभं राहतं ती चासीच कुजली असेल, तर वरचा खर्च पाण्यात. आणि चासी नेमकी कुठे कुजते, याचा बहुतेकांचा अंदाज साफ चुकतो.

सहकारनगरमधल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये आमच्या एका मित्राची स्टँडर्ड हेराल्ड सध्या सुटी होऊन पडली आहे. बॉडी एका बाजूला विटांच्या थरांवर, चासी घोड्यांवर, आणि नट-बोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या बरण्यांमध्ये. घरच्या घरी ‘चासीपासून वर’ गाडी नव्याने उभी करायची असेल तर हेराल्डइतकी सोयीची गाडी क्वचितच सापडेल. फियाट ११०० किंवा अँबॅसिडरमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच. तिथे बॉडी उचलून बाजूला ठेवणं हा प्रकारच नाही. हेराल्डची चासी मात्र वेगळी असते. १९५९ साली ती ब्रिटनमध्ये ट्रायम्फ म्हणून आली, तेव्हा बाकीचे कारखानदार एकसंध बॉडीकडे वळले होते. पण स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी कंपनी १९५३ मध्येच प्रतिस्पर्धी बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ताब्यात गेली होती. मग जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन रेखाटनकाराच्या हेराल्डची बॉडी वेगवेगळ्या ठिकाणी तुकड्यांत बनवून बोल्टांनी जोडायचं ठरलं. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. तेव्हाच्या त्या अडचणीमुळे आज पुण्यात चार-सहा जण मिळून बोल्ट सोडवतात आणि बॉडी हाताने उचलून बाजूला ठेवतात.

बॉडी उचलल्यावर जे दिसतं ते डोळे उघडणारं असतं. चासीचा मधला भाग, जिथे वारा लागतो, पाऊस लागतो आणि लगेच वाळतोही, तिथे नुसती तांबूस छटा होती. वायर ब्रश मारला की खाली निरोगी लोखंड. याउलट बॉडीला आधार देण्यासाठी चासीतून बाजूला निघालेल्या दांड्यांवर चाकांनी उडवलेला चिखल वर्षानुवर्षं साचून दगडासारखा घट्ट झाला होता. वरून पाहिलं तर चिखलाने धातू झाकून ठेवलेला, जणू सुरक्षित. चिखल खरवडून हातोडीने ठोकलं, तर चांगल्या जागी ‘टण्ण’ वाजणारा पत्रा इथे ‘थप’ वाजला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतून पापुद्रे सुटून पडले, एकावर एक, तपकिरी आणि काळे.

हवेमुळे लोखंड गंजतं हे आपण शाळेत शिकलो. मग जिथे हवा पोचतच नाही, तिथे गंज जास्त कसा?

याचं उत्तर केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबातून दाखवलं. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो. लोखंडाचा पत्रा पॉलिश पेपरने लख्ख घासायचा. मिठाच्या पाण्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन मिसळायचं आणि त्याचा एक थेंब पत्र्यावर ठेवायचा. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी गडद निळा रंग येतो आणि कडेला गुलाबी वर्तुळ उमटतं. निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी रंग म्हणजे तिथे अल्कली तयार होतेय. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात हळूहळू तपकिरी गंज साचायला लागतो.

थेंबाच्या कडेला पाणी पातळ असतं, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज विरघळतो. मध्यभागी पाणी खोल, तिथे ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर एक छोटा विद्युतघट तयार होतो. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून प्रवास करत ऑक्सिजन भरपूर असलेल्या कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन अल्कली बनवतात. पाण्यातून मंडल पूर्ण होतं. म्हणजे ऑक्सिजनची भूक कडेला भागते, पण लोखंड झिजतं ते मध्यभागी. आणि गंज दिसतो तो तिसऱ्याच ठिकाणी. गाडी तपासताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं: तपकिरी डाग जिथे दिसतो, भोक अनेकदा तिथे नसतं, जवळच्या झाकलेल्या सांध्यात असतं.

चिखलाचा थर, एकावर एक चढवलेल्या दोन पत्र्यांमधली फट, रबराच्या पट्टीखालचा ओलावा, या सगळ्या जागा म्हणजे थेंबाचा मध्यभाग. फटीत पाणी केशाकर्षणाने आपोआप ओढलं जातं आणि सहजी वाळत नाही. बाहेरचा उघडा पत्रा हा थेंबाचा काठ.

या घटाचा प्रवाह किती लहान असतो आणि तरी तो काय करतो, हे फॅरेडेच्या नियमाने मोजता येतं. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर साधारण एक ग्रॅम लोखंड विरघळतं. आता फक्त एक मिलिअँपिअर घ्या, अँपिअरचा हजारावा भाग. तो वर्षभर वाहत राहिला तर नऊ ग्रॅम लोखंड जातं. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ते दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढं भोक झालं. गाडी पोर्चमध्ये निवांत उभी असतानासुद्धा.

मिठाने हे सगळं आणखी जोरात होतं. क्लोराइडचे आयन पाण्याची वाहकता वाढवतात आणि धातूवरचा पातळ संरक्षक थरही टिकू देत नाहीत. म्हणून गाडी मुंबई-कोकणातली की घाटावरची, हा जुना प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे. खारट गंज घासून वरून साफ दिसला तरी खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड राहतं आणि नव्या रंगाखाली काम चालू ठेवतं. असा भाग गोड्या पाण्याने, शक्यतो गरम, पुन्हापुन्हा धुवावा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. पांढरट गढूळपणा आला तर अजून मीठ आहे. मात्र त्या पाण्याच्या शेजारी नळाचं पाणीही तपासून बघावं, कारण त्यातही थोडं क्लोराइड असतं.

पुण्याची हवा कोरडी, इथे गाड्या टिकतात, असं आपण अभिमानाने म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंड वेगाने गंजायला लागतं, आणि पावसाळ्याचे चार महिने आपण बहुतेक वेळ त्या रेषेच्या वर असतो. हिवाळ्यातही धोका आहेच. डिसेंबरात पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी ३० अंश अशी तफावत पडते, तेव्हा चासीच्या बंद पेटीसारख्या भागांत पहाटे आतून दव धरतं. त्या काळात कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या या पोकळ्यांमध्ये रंग पोचलेलाच नसायचा. अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या दाबाने कोपऱ्याकोपऱ्यात थर चढवायची कॅथोडिक पद्धत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळायला लागली. त्याआधीची प्रत्येक गाडी आतून जवळपास उघडीच समजावी.

गंज काढायच्या अनेक पद्धती आहेत. मोठ्या चासीला भोसरी-पिंपरीकडे नेऊन ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा, करून घेणं सर्वांत चांगलं. पातळ पत्र्यांना मात्र त्या माऱ्याने आणि उष्णतेने पोक येतो. ब्लास्टिंगला साधी वाळू वापरणाऱ्याकडे जाऊ नये, सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात. गार्नेट किंवा स्टीलचे कण वापरतात का, हे आधी विचारावं.

छोट्या भागांसाठी मला सर्वांत आवडते ती विजेची पद्धत, कारण इथे गंजवणारा तोच घट आपण उलटा चालवतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. चार्जरचं ऋण टोक आपल्या भागाला, धन टोक फेकायच्या लोखंडी सळईला. आता इलेक्ट्रॉन भागाकडे ढकलले जातात, लोखंड विरघळणं थांबतं, काही गंजाचा काळा मॅग्नेटाइट होतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे उरलेला गंज सैल करतात. दुसऱ्या दिवशी ब्रशखाली काळा लगदा निघून येतो आणि धातूवर कारखान्याने ठोकलेले आकडेही वाचता येतात. यात तीन गोष्टी जिवावरच्या आहेत. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून टब उघड्यावर ठेवायचा. टबातले चिमटे चार्जर बंद केल्याशिवाय काढायचे नाहीत, कारण एक ठिणगीही पुरते. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही. त्यातून क्रोमियमचं विषारी, कर्करोगकारक रूप पाण्यात उतरतं. शिवाय पाट्यांच्या स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट या टबात घालू नयेत. हायड्रोजन त्यांच्यात शिरून त्यांना ठिसूळ करतो.

जिथे ब्रशही पोचत नाही, तिथे गंजाला रसायनाने बांधून ठेवावं लागतं. बाजारातल्या अनेक ‘रस्ट कन्व्हर्टर’मध्ये टॅनिक आम्ल असतं. हेच टॅनिन आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून गोळा होणाऱ्या हिरड्यात भरपूर असतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) मिसळून पूर्वी काळी शाई करत. लोखंड आणि टॅनिनचा तोच काळा संयुग गंजावर थर धरतो. मात्र तो रंगाच्या खालचा अस्तर आहे, तेवढ्यावर थांबून चालत नाही.

कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याआधी मापं घ्यावीत, आणि इथे घाई अजिबात करू नये. चासी समतल घोड्यांवर ठेवायची, ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण फीतपट्टीने मोजायचे. कर्ण जुळले नाहीत तर चासी तिरकी आहे, आणि मग दारं कधीच नीट लागणार नाहीत. दोन्हीकडचे दांडे एकदम कापायचे नाहीत. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापला तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. वेल्डिंगच्या जागी तर धातू वितळतोच. तापलेली जागा पसरते, शेजारचा थंड पत्रा तिला अडवतो, आणि निवताना सगळं आखडून पत्रा भाजलेल्या पापडासारखा वाकडा होतो. म्हणून एक टाका इथे, पुढचा दूर तिकडे, मध्ये हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. मागे तांब्याची पट्टी धरली तर ती लोखंडाच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढून घेते.

उघडं, लख्ख पोलाद पावसाळ्यात काही तासांत तांबूस होतं, तेव्हा प्राइमर त्याच दिवशी मारायला हवा. त्यासाठी पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंश वर असावं हा रंगकामाचा जुना नियम आहे. जुलैत हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सव्वाबावीसच्या आसपास येतो, म्हणजे नियम पाळलाच जात नाही. सोलण्या-रंगवण्याचं काम मार्च-एप्रिलच्या दुपारी करावं. तेव्हा पुण्यात आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. पहिला थर जस्तयुक्त प्राइमरचा. जस्त लोखंडापेक्षा आधी इलेक्ट्रॉन सोडतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी झिजतं ते जस्त. जहाजांच्या तळाचं तांबं वाचवायला हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये हीच युक्ती सुचवली होती. वरच्या दोन घटकांच्या चकचकीत रंगात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, ते साध्या मास्कने अडत नाही. तो फवारा घरी मारू नये, बूथ असलेल्या पेंटरकडे द्यावा.

पाणी आतूनही शिरतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, नळ्या आणि सिलिंडर आतून गंजतात. शिवाय पाण्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि दिवेघाट उतरताना पेडल खाली जाऊ शकतं. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावं. पेट्रोलमधलं इथेनॉलही पाणी धरून ठेवतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीच्या तळाशी ते वेगळं होऊन साचतं.

बॉडी परत चासीवर बसवताना एक गोष्ट हमखास विसरते. नवा रंग वीज वाहू देत नाही आणि बॉडीखालच्या पट्ट्याही नाहीत. मग दिवे मिणमिणतात आणि लोक डायनामोला दोष देतात. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडा धातू करायचा, दातेरी वॉशर घालून तार घट्ट आवळायची आणि वरून ग्रीस लावायचं, नाहीतर तिथेच नवा घट सुरू होतो.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरती चालते. त्यामुळे ती उभीच जास्त राहणार, आणि उभ्या गाडीत ओल साचते. दर पावसाळ्यानंतर खालून पाइपने चिखल धुऊन काढावा, चासीच्या पेट्यांच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करावीत, आणि गाडी दोन दिवस उन्हात वाळवून पोकळ्यांत पातळ मेणाचा फवारा मारावा. मेण आधी नाही, वाळल्यावरच; ओल्यावर मारलं तर पाणी आत कोंडलं जातं.