चार पानांच्या निबंधामागची वीस वर्षे: जॉन पर्ड्यू आणि धातूचा पृष्ठभाग

'नेचर' साप्ताहिकाने २०१४ मध्ये विज्ञानातल्या सर्वाधिक संदर्भ घेतल्या गेलेल्या शंभर शोधनिबंधांची यादी छापली. पहिला क्रमांक प्रथिने मोजण्याच्या १९५१ सालच्या एका पद्धतीचा होता. सोळाव्या क्रमांकावर भौतिकशास्त्रातला एक निबंध होता: १९९६ चा, जेमतेम चार पानांचा, जॉन पर्ड्यू, कीरॉन बर्क आणि मथायस एर्नझरहोफ यांचा. तिघांच्या आद्याक्षरांवरून तो 'पीबीई' म्हणून ओळखला जातो. आज त्याच्या संदर्भांची संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. पण हे चार पानांचे सूत्र ज्या प्रश्नातून आले, तो प्रश्न धातूच्या पृष्ठभागाचा होता, हे तो निबंध वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवत असेल.

वॉल्टर कोन, पिएर होएनबर्ग आणि लू शॅम यांनी १९६४-६५ मध्ये दाखवले, की पदार्थातला प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे धुंडाळायची गरज नाही. कुठे किती दाट इलेक्ट्रॉन आहेत एवढे कळले तरी ऊर्जा काढता येते. अडचण एकाच पदात होती. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, त्यामुळे जी ऊर्जा वाचते तिचे नेमके सूत्र कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून प्रत्येक बिंदूपाशी इलेक्ट्रॉनांची घनता एकसारखी पसरली आहे असे धरून काम चालवले जाई.

धातूच्या आत हे धरून चालणे ठीक. पृष्ठभागावर मात्र घनता दोन-तीन अणूंच्या अंतरात शून्यावर येते. तिथे हा अंदाज कोसळायला हवा होता, तरी १९७० मध्ये नॉर्टन लँग आणि कोन यांनी केलेल्या गणितात तो बऱ्यापैकी टिकला. (धातूतले धन अणुकेंद्र सपाट पसरलेल्या धनभारासारखे मानले, तर ॲल्युमिनिअमची पृष्ठऊर्जा (नवा पृष्ठभाग उघडायला लागणारी ऊर्जा) मात्र ऋण येई, म्हणजे धातू आपोआप चिरला जावा! हा दोष त्या अंदाजाचा नव्हे, सपाट धनभाराच्या प्रारूपाचा होता; पुढे १९९० मध्ये पर्ड्यू आणि सहकाऱ्यांनी या प्रारूपाची साधी दुरुस्ती सुचवली.)

कॉर्नेलमधून १९७१ मध्ये पीएच.डी. झालेले पर्ड्यू टोरांटोमार्गे रटगर्स विद्यापीठात डेव्हिड लँग्रेथ यांच्याकडे आले आणि याच कोड्याला भिडले. अंदाज चुकीचा असूनही उत्तर बरे का येते? दोघांचा १९७५ चा निबंध धातूच्या पृष्ठभागाच्या या ऊर्जेवरच आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःभोवती इतर इलेक्ट्रॉन टाळतात अशी एक पोकळी तयार करतो, आणि त्या पोकळीतून बरोबर एका इलेक्ट्रॉनाइतका भार कमी होतो. ढोबळ अंदाज हा नियम पाळतो, म्हणून तो तरतो. स्वीडनमध्ये गुनारसन आणि लुंडक्विस्ट यांनीही १९७६ मध्ये स्वतंत्रपणे हाच मुद्दा मांडला. घनता किती झपाट्याने बदलते हे सरळ सूत्रात भरले, की नियम मोडतो आणि उत्तर उलट बिघडते.

माझ्या मते पर्ड्यू यांच्या कारकिर्दीचा कणा इथेच आहे. प्रयोगाशी जुळावे म्हणून आकडे ओतायचे नाहीत, तर निसर्गाचे जे नियम नक्की माहीत आहेत ते सूत्राला पाळायला लावायचे. १९७७ पासून न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात त्यांनी हे काम चिवटपणे पुढे नेले. १९८५ मध्ये पोकळीचा नियम मोडणारा भाग छाटून टाकला, नंतर १९८६ आणि १९९१ ची सूत्रे आली, आणि अखेर १९९६ मध्ये त्यांचे सुटसुटीत रूप, म्हणजे पीबीई. त्यात प्रयोगातून घेतलेला एकही आकडा नव्हता. संगणकाच्या प्रणालींमध्ये ते सहज बसले. धातू, खनिज, उत्प्रेरक, बॅटरी, सगळीकडे वापरले जाऊ लागले. कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि या पद्धतीचा पसारा आणखी वाढला.

मात्र पृष्ठभागापाशीच पीबीई अडखळले. त्यातून येणारी पृष्ठऊर्जा खऱ्यापेक्षा कमी भरते. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू प्रत्यक्षात एका अणूच्या डोक्यावर बसतो. या प्रकारची सूत्रे मात्र त्याला अणूंमधल्या खळग्यात बसवतात, हे २००१ मध्ये ठळकपणे मांडले गेले. स्वतःच्या सर्वांत यशस्वी सूत्राचे हे दोष पर्ड्यू यांनी झाकले नाहीत. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घन पदार्थांसाठी सुधारित आवृत्ती दिली. पृष्ठऊर्जा सुधारली, रेणूंमधल्या बंधांची ऊर्जा काढण्यात मात्र ती जुन्या सूत्रापेक्षा मागे पडते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या निबंधाच्या शीर्षकातही, १९७५ नंतर तेहेतीस वर्षांनी, 'पृष्ठभाग' हा शब्द होता.