डुकरातील जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती

डुकराच्या आतड्यात राहणाऱ्या गोलकृमींना, विशेषतः ॲस्कॅरिस सुअम या मोठ्या जंताला, त्याचे शरीर ज्या मार्गांनी अडवते व बाहेर काढते ते सर्व या संज्ञेत येतात. जंताची मादी 20 ते 40 सेंमी., म्हणजे वीत-दीड वीत लांब असते आणि दिवसाला लाखो अंडी घालते. जाड कवचाची ही अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. उकिरडा उकरणाऱ्या डुकराच्या पोटात ती पुन्हापुन्हा जातात आणि या वर्दळीतूनच त्याची प्रतिकारशक्ती घडत जाते.

अंड्यातून सुटलेली अळी अंधनालाची (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीची) आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची भिंत भेदून रक्तात शिरते व दिवसभरात यकृतात पोचते. आठवड्याभरात ती फुप्फुसात जाते. तेथून खोकल्यासरशी घशात येऊन गिळली जाते आणि दहाव्या दिवसाच्या आसपास लहान आतड्यात परतते. एवढा वळसा कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा.

शरीराचा प्रतिसाद नुसत्या डोळ्यांना दिसतो तो यकृतावर. अळीच्या वाटेवर इओसिनोफिल व लसिका पेशी या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी होते, जखम भरताना तंतुमय ऊतक साचते आणि तांबूस काळजावर, म्हणजे यकृतावर, दूध शिंपडल्यासारखे पांढरट डाग उमटतात. त्यांना ‘दुधी ठिपके’ म्हणतात. कत्तलखान्यात असे काळीज पूर्ण किंवा अंशतः बाद होते. गोव्यातल्या सोरपोतेल या मांसाच्या कालवणात डुकराचे काळीज पडते, तेव्हा तिथल्या स्वयंपाकघराशीही या डागांचा संबंध आहेच. नवा संसर्ग झाला नाही तर सुमारे पाच आठवड्यांत बहुतेक ठिपके विरून जातात.

खरी मेख पुढे आहे. सतत अंडी गिळणाऱ्या डुकराच्या काळजावरचे ठिपके कालांतराने कमी होतात. अंडी पोटात जातच असतात, पण आता अळ्या आतड्याच्या भिंतीतच अडवल्या जातात. याला ‘यकृतपूर्व प्रतिकार’ म्हणतात. अंधनालाच्या भिंतीत इओसिनोफिल दबा धरून असतात. त्यांना तेथे आणण्यात इंटरल्यूकिन-5 या संदेशवाहक प्रथिनाचा मोठा वाटा असतो. इंटरल्यूकिन-4 मुळे आयजीई या प्रकारच्या प्रतिपिंडांना (रक्तातील संरक्षक प्रथिनांना) चालना मिळते, तर इंटरल्यूकिन-13 मुळे आतड्याच्या अस्तरातील चषक पेशी भरपूर श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) स्रवतात आणि आतड्याचे स्नायू जोराने आकसतात. या साऱ्यामागे टी-हेल्पर 2 प्रकारच्या, म्हणजे इतर पेशींना कामाला लावणाऱ्या, पांढऱ्या रक्तपेशी असतात. जिवाणू-विषाणूंशी लढताना वापरायची यंत्रणा वेगळी आणि ही वेगळी. वीतभर लांबीचा जंत काही एखाद्या पेशीला गिळता येत नाही, त्याला हुसकावूनच लावावे लागते.

पहिल्याच संसर्गातही लहान आतड्यात परतलेल्या अळ्यांपैकी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेर फेकल्या जातात. मात्र सगळ्या डुकरांत सारख्या नाहीत. एकाच गोठ्यात, एकाच खाद्यावर वाढलेल्या डुकरांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात एकही प्रौढ जंत सापडत नाही आणि थोड्यांच्या पोटात मात्र जंतांची गुंतवळ असते. या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

टिकून राहिलेले जंतही स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्या स्रावांतील काही घटक यजमानाची दाहक प्रतिक्रिया मंद करतात. प्रयोगात जंत झालेल्या डुकरांना मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची लस दिली, तेव्हा लशीचा प्रतिसाद कमी पडला. म्हणून पशुपालकाने लसीकरणाच्या वेळापत्रकाइतकेच जंतनिर्मूलनाकडेही लक्ष द्यायला हवे.

निदानात ही प्रतिकारशक्ती थोडी फसवते. काळीज स्वच्छ, विष्ठेत अंडी नाहीत, तरी गोठ्याची जमीन अंड्यांनी भरलेली असू शकते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी जंताच्या हिमोग्लोबिनविरुद्धचे प्रतिपिंड शोधणारी रक्तचाचणी विकसित केली. ती पोटातले जंत मोजत नाही. कळपाचा जंताशी किती संबंध आला ते सांगते.