कांगा बोले, शेजारणीला लागे

"नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्तू क्वा मानेनो याके." सिंहाला मी भिते ती त्याच्या दातांमुळे, माणसाच्या शब्दांना मी भीत नाही. स्वाहिलीत मेनो म्हणजे दात आणि मानेनो म्हणजे शब्द, त्यामुळे सगळा ठसका यमकातच आहे. पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार किंवा मोंबासाच्या गल्लीत हे वाक्य तोंडाने म्हणावं लागत नाही. ते कांग्यावर, म्हणजे बायका अंगाला गुंडाळतात त्या कापडावर, छापलेलं असतं. बाई तो कांगा गुंडाळते आणि जिच्याशी बिनसलंय तिच्या दारावरून बाजाराला जाते. तिने जाब विचारलाच तर उत्तर तयार असतं: मी कुठे काय बोलले? कापड आवडलं, घेतलं. आपण याला लेकी बोले सुने लागे म्हणतो. तिकडे मधल्या लेकीचीही गरज पडत नाही.

आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत, त्यामुळे सरसकट 'आफ्रिकी पोशाख' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. कांगा हा पूर्व किनाऱ्याचा, स्वाहिली बोलणाऱ्यांचा. साधारण दीड मीटर लांब आणि मीटरभर रुंद सुती कापड. चारी बाजूंच्या काठाला म्हणतात पिंडो, मधल्या नक्षीला म्जी, म्हणजे गाव, आणि खालच्या वाक्याला जिना, म्हणजे नाव. कांग्याला जिना नसेल तर तो अपुराच. दुकानात मिळते ती न कापलेली जोडी. घरी आणून ती मधोमध कापायची, कडा दुमडून शिवायच्या, मग एक कमरेला आणि दुसरा डोक्या-खांद्यावर.

हे कापड आलं व्यापारातून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सेलम बंदरातून झांझिबारला कोरं, जाडंभरडं सुती कापड यायचं, आपल्या मांजरपाटासारखं. त्याचं नावच पडलं 'मेरिकानी'. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने त्या व्यापाराला खीळ बसली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या मालाने बरीचशी जागा घेतली. भारतातून निळीत रंगवलेलं गडद 'कानिकी'ही जात असे, आणि गुलाम बायकांच्या अंगावर बहुधा तेच असे. किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या वेळेपासून मोठे रंगीत रुमालही मिळत, लेन्सो नावाचे. बायकांनी त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून मोठं वस्त्र केलं आणि तिथून कांगा सुरू झाला, असं सांगतात. केनियात आजही त्याला 'लेसो' म्हणतात. कांगा हे गिनी कोंबडीचं नाव. सुरुवातीच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून ते पडलं, हीही सांगोवांगीच, पण पटण्यासारखी.

झांझिबारचा गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला, पण गुलामगिरीची कायदेशीर मान्यता जायला 1897 उजाडलं. त्यानंतर मोकळ्या झालेल्या बायकांनी कानिकी टाकून रंगीत कांगे घेतले. डोकं झाकणं हा तोवर कुळवंत स्त्रियांचा मान होता. जोडीतल्या दुसऱ्या कांग्याने तो सगळ्यांच्या आवाक्यात आला. कांग्याची नक्षी सुंदर असतेच, पण मला त्याच्या इतिहासातली ही गोष्ट जास्त मोलाची वाटते.

काठावरची वाक्यं आधी अरबी लिपीत छापली जात, पुढे रोमन लिपीत. ती छापण्याची कल्पना मोंबासातल्या कादरदीना हाजी एसाक या भारतीय वंशाच्या कापड व्यापाऱ्याची, असं मानलं जातं. स्वाहिली ही बांटू या आफ्रिकी भाषाकुळातली, पण शब्दांत अरबी भरपूर. 'हराका हराका हाइना बराका' या म्हणीत आपली बरकत लगेच ओळखू येते: घाईला बरकत नाही. मात्र उसना शब्द घरात आला की स्वाहिली त्याला आपले नियम लावते. अरबी किताबचं झालं किताबू, आणि त्यातला 'कि' हा आपलाच उपसर्ग समजून अनेकवचन केलं विताबू. इंग्रजी 'कीप लेफ्ट'वरून रस्त्यावरच्या वर्तुळाला किपिलेफ्टी म्हणतात, तर अशी अनेक वर्तुळं विपिलेफ्टी! मराठीत चांगला, चांगली, चांगलं असा मेळ शब्दाच्या शेपटीला बसतो. स्वाहिलीत तो डोक्याला: किताबू किझुरी, विताबू विझुरी. चांगलं पुस्तक, चांगली पुस्तकं.

हीच रचना माणसाच्या नावातही दिसते. 'तुमा' म्हणजे पाठवणं, 'तुम्वा' म्हणजे पाठवलं जाणं, पुढे माणसाचा 'म' लागला की म्तुम्वा: ज्याला कामाला पिटाळलं जातं तो, गुलाम. झांझिबारजवळच्या फुंबा गावात 1880 च्या सुमारास जन्मलेल्या एका मुलीचं नाव हेच होतं. तिने मडकी विकली, शहरात येऊन ताराब हा तिथला गाण्याचा प्रकार शिकली आणि सिती बिंती साद झाली. सिती म्हणजे बाईसाहेब. ताराब तोवर मुख्यतः अरबीत गायलं जाई. तिने ते स्वाहिलीत आणलं. 1928 मध्ये तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या त्या आपल्या मुंबईत, एचएमव्हीसाठी. त्याच वर्षी मोंबासातल्या परिषदेत झांझिबार शहराची बोली, किउंगुजा, प्रमाण स्वाहिलीचा पाया म्हणून ठरली. मोंबासाची स्वतःची बोली किम्विता, तिला जुन्या काव्याची मोठी परंपरा, पण ती मागे पडली.

त्या प्रमाण भाषेची पाठ्यपुस्तकं शाळेत गेली. कांग्याच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक आजही आधी खालची ओळ वाचतं, मग रंग बघतं. ओळ मनासारखी नसेल तर दुकानदाराला पुढचा गठ्ठा सोडावा लागतो.